अनौपचारिक शिक्षणावरची मोफत, स्वतंत्र साइट चालवणं: काय लागतं आणि काय टिकतं

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या विषयावर धागा काढायचा होता, आज निवांत वेळ मिळालाय तर लिहूनच टाकते. मी अनौपचारिक शिक्षणावरची एक साइट चालवते. शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमाबाहेर जे शिकणं होतं, युवागटात, वाचनालयात, प्रौढांच्या वर्गात, कामाच्या ठिकाणी किंवा नुसत्या गप्पांतून, त्याबद्दलचे लेख तिथे असतात. वाचायला लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, मागे कुठली संस्था नाही. वाचक बहुतेक प्रत्यक्ष काम करणारे आहेत, कुणी कार्यकर्ते, कुणी प्रशिक्षक, कुणी नुकतंच समाजकार्य शिकायला लागलेले.

या विषयात लिहिलेलं कमी नाहीये. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईने १९१६ सालीच शाळेत मुद्दाम दिलं जाणारं शिक्षण आणि जगता जगता होणारं शिक्षण यातला फरक मांडला होता. जोसेफिन मॅकॅलिस्टर ब्रूचं युवा क्लबांच्या अनुभवावरचं पुस्तक १९४६ चं, माल्कम नोल्सचं प्रौढांच्या अनौपचारिक शिक्षणावरचं १९५० चं. कूम्ब्ज आणि मंझूर अहमद यांनी १९७४ साली औपचारिक, शाळेबाहेरचं पण आखीव आणि पूर्णपणे सहज घडणारं अशी तीन भागांची विभागणी केली, ती अजूनही सगळीकडे वापरली जाते. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की नवखा माणूस आधी कामाच्या कडेला असतो, छोटी पण खरी कामं करतो आणि हळूहळू मध्ये सरकतो. पण यातली बरीच पुस्तकं बाजारात मिळत नाहीत, शोधनिबंध पेवॉलच्या मागे असतात, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि ज्याला हे उद्या संध्याकाळच्या गटात वापरायचंय त्याच्या हाती काहीच लागत नाही. साइट आहे ती त्या माणसासाठी.

इतकी वर्षं हे केल्यावर माझं मत पक्कं झालंय की अशा साइटचं खरं काम नवीन लेख टाकणं हे नाहीच, जुने लेख जपणं हे आहे. लेख लिहायला उत्साह असतो, लोक कौतुकही करतात. पण जुन्या लेखातली तुटलेली लिंक बदलणं, एखाद्या दाव्याचा आधार पुन्हा तपासणं, पत्ता न बदलू देणं, हे कुणाला दिसत नाही आणि साइट टिकते ती त्याच्यावर.

तुमच्याकडून ऐकायचंय ते असं: पैशाचं काय करावं, लायसन्स कुठलं ठेवावं, आणि मुख्य म्हणजे उद्या मी हे बघू शकले नाही तर पुढे काय?

-----

पायवाट

छान धागा. मी युवागटासोबत काम करतो, नवीन स्वयंसेवकांना तयार करणं माझ्याकडे असतं. अशा साइटवरची पानं मी प्रिंट काढून वापरतो म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

विचारवंतांवरची पानं खूप असतात, काम कसं करायचं यावरची कमी. स्वयंसेवकाला कोणी कधी काय म्हटलं यापेक्षा समोर वीस मुलं गप्प बसलीत तर काय करू हे हवं असतं.

पण एक पान मी दर वेळी देतो, ते म्हणजे सिटिझनशिप स्कूलचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीसाठी वाचता येतं हे सिद्ध करावं लागायचं. साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर १९५७ च्या जानेवारीत प्रौढांसाठी वर्ग सुरू झाला, मागे टेनेसीतली कार्यकर्त्यांना तयार करणारी हायलँडर फोक स्कूल, शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि बेटावरचे पुढारी इसॉ जेन्किन्स. पहिली शिक्षिका बर्नीस रॉबिन्सन, आणि त्या शिक्षिका नव्हत्याच, केस करायचं काम करायच्या. मुद्दामच तशा व्यक्तीला घेतलं कारण शाळेचा शिक्का असलेला माणूस मोठ्यांना मुलांसारखं वागवेल अशी भीती होती. त्यांनी पहिल्याच दिवशी लोकांना विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं अशी की नाव लिहायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय, पत्र वाचायचंय, मतदार नोंदणीसाठी लागणारा राज्यघटनेचा भाग वाचायचाय. तोच अभ्यासक्रम झाला.

हे एवढं वाचलं की स्वयंसेवकाला वीस गप्प मुलांचं उत्तर मिळतं, मला वेगळं सांगावं लागत नाही. असं लिहा ना अजून.

-----

अक्षरवेल

पायवाट, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण एक सांगते, विचारवंत आणि काम हे वेगळे कप्पे करू नयेत असं मला वाटतं. तुम्ही जे पान देता ते यासाठीच चालतं की त्यात माणूस, जागा, वर्ष आणि पहिला प्रश्न सगळं आहे. नुसतं 'शिकणाऱ्यांच्या गरजेपासून सुरुवात करा' असं लिहिलं असतं तर ते कुणी दुसऱ्यांदा वाचलं नसतं. म्हणून मी आता कुठल्याही विचारवंताच्या पानात एक तरी प्रसंग, तो माणूस नेमकं काय करत होता, हे असल्याशिवाय पान लावत नाही.

-----

तळटीप

मी ग्रंथालयात आहे, थोडं तांत्रिक बोलते.

तुमचं जुने लेख जपण्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पाहणी केली होती त्यात २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. आणि अनौपचारिक शिक्षणासारख्या विषयात हे जास्त बोचतं, कारण प्रकल्प संपला, निधी संपला की प्रकल्पाची साइट जाते आणि त्याबरोबर अहवाल, हँडबुक, फोटो सगळंच जातं.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पानाचा पत्ता एकदा दिला की बदलायचा नाही, बदलावाच लागला तर जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवायचा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच हे लिहून ठेवलंय आणि तरीही प्रत्येक साइट नवं डिझाइन आलं की सगळे पत्ते मोडते. पत्त्यात विभाग, सॉफ्टवेअरचं नाव असलं काही घालू नये, ते सगळं बदलतं. लेखावर पहिल्यांदा कधी लिहिला आणि शेवटचा कधी तपासला या दोन्ही तारखा हव्यात, नुसती एक तारीख वाचकाला काही सांगत नाही. बाहेरची लिंक देताना त्याच वेळी ते पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबपानांच्या साठ्यात, साठवून घ्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेब साठवतंय आणि २००१ पासून ते सगळ्यांना बघता येतं.

आणि साइट शक्यतो साध्या एचटीएमएल फायलींची ठेवा. डेटाबेस, प्लगइन, थीम हे जितकं कमी तितकं हॅक होण्याचं आणि अपडेट करत बसण्याचं दुखणं कमी. जुन्या फोनवर, कमी रेंजमध्ये पटकन उघडतं हा फायदा वेगळाच, आणि तुमचे वाचक तिथेच आहेत.

-----

कोरा_कागद

एक प्राथमिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. हे सगळं विकिपीडियावरच का लिहीत नाही? तिथे पत्ता टिकतो, बॅकअपची काळजी नाही, वाचक हजारपट. एकटीने साइट सांभाळायची कशाला.

-----

अक्षरवेल

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. विकिपीडियावर लिहावंच, मीही लिहिते. पण तिथे दोन गोष्टी नियमाने करता येत नाहीत. एक म्हणजे स्वतःचं मत देता येत नाही, दुसरं म्हणजे आधी कुठे छापून न आलेलं काही मांडता येत नाही. ज्ञानकोशासाठी ते योग्यच आहे. पण प्रशिक्षकाला कुणीतरी हे सांगावं लागतं की ही पद्धत गटात चालते, ती चालत नाही, आणि हा दावा सगळे करतात पण त्याला आधार नाही. ते सांगायला स्वतःची जागा लागते.

एक उदाहरण देते. एका प्रशिक्षकांचं पत्र आलं की आम्ही कार्यशाळेत नेहमी एक तक्ता दाखवतो, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, आणि करून पाहिलेलं ९०, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलचा त्रिकोण, यावर तुमचं पान आहे का? पान नव्हतं. मग शोध घेतला. डेलने १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, खाली प्रत्यक्ष अनुभव आणि वर जाता जाता शब्द आणि चिन्हं. पण त्यात टक्के नाहीतच! एकही आकडा नाही. त्याचं वर्गीकरण अनुभव किती मूर्त आणि किती अमूर्त यावर आहे, स्मरणशक्तीवर नाही, आणि पायऱ्या ताठरपणे घेऊ नका असंही त्याने सांगितलंय. आकडे नंतर दुसऱ्याच कुणी चिकटवले. आणि आकडे बघा ना सगळे दहाच्या पटीत, खऱ्या प्रयोगातून असे गोल आकडे कधी येतात का? कोणावर प्रयोग केला, काय वाचायला दिलं, किती दिवसांनी विचारलं, काहीच नाही.

आता हे पान लिहिताना नुसतं 'खोटं आहे' म्हणून सोडलं असतं तर त्या प्रशिक्षकांच्या हाती काय राहिलं असतं? म्हणून पानात आधी लोक काय दाखवतात ते दिलं, मग डेलने खरोखर काय काढलं होतं ते, आणि मग हे की करून शिकणं महत्त्वाचं आहे हे सांगायला खोट्या टक्क्यांची गरजच नाही, त्यासाठी ड्युईचं १९३८ चं अनुभव आणि शिक्षणावरचं लिखाण पुरेसं आहे. त्यातही तो बजावतो की प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, काही अनुभव पुढचं शिकणं अडवतात. ही गोष्ट त्या तक्त्यात कधीच येत नाही आणि गटात काम करणाऱ्याला नेमकी हीच कळायला हवी. सगळ्यात जास्त पत्रं या पानावर येतात, काही रागावलेली पण असतात कारण लोकांचं स्लाइडशो वर्षानुवर्षं त्यावर उभं असतं.

-----

पायवाट

हे पान माहीत होतं पण मागची हकीकत नव्हती. लर्निंग स्टाइल्सचंही असंच आहे ना, कुणी बघून शिकणारा, कुणी ऐकून शिकणारा? आमच्याकडे अजून स्वयंसेवकांना फॉर्म भरायला लावतात.

-----

तळटीप

हो. मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं. लोकांना आवडीनिवडी असतात हे खरं, पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा सापडला नाही. अशी पानं स्वतंत्र साइटच लिहू शकते, ज्याला त्या फॉर्मचं प्रशिक्षण विकायचंय तो कसा लिहील.

-----

सावकाश

पैशाचा मुद्दा इथे जोडून घेतो. स्वतंत्र राहायचं असेल तर आधी खर्चच इतका कमी ठेवा की कुणाकडे हात पसरायची वेळ येऊ नये. साधी साइट, डोमेन आणि होस्टिंग एवढंच, बाकी सगळा वेळ. जाहिराती टाकूच नका, शिक्षण म्हटलं की क्लासेस, डिग्र्या आणि झटपट कोर्सच्या जाहिराती येतात आणि तुमच्याच लेखाच्या शेजारी बसतात.

निधी घ्यायचा तर तो कशासाठी मिळतोय हे बघा. नव्या गोष्टीला निधी मिळतो, जपणुकीला मिळत नाही. मग निधीसाठी नवा विभाग काढायचा, दोन वर्षांनी तो ओस पडतो.

चांगलं उदाहरण हवं असेल तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा ज्ञानकोश बघा. १९९५ पासून चालू आहे, वाचायला मोफत. त्यांनी ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना एकत्र करून कायम ठेवीचा निधी उभा केला. शिवाय लेखकाने लेख ठरावीक काळाने सुधारायचा असतो, आणि जुन्या आवृत्त्या दर तिमाहीला गोठवून जपतात म्हणजे कुणी संदर्भ दिला तर तो मजकूर नेमका तसाच सापडतो. अर्थात त्यांच्यामागे विद्यापीठ आहे, आपल्यासारख्यांना ते सगळं जमणार नाही, पण लेख सुधारायची वेळ आधीच ठरवून ठेवणं आणि जुनी आवृत्ती न पुसणं हे दोन्ही फुकट आहे.

अनौपचारिक शिक्षणावर तर १९९५ पासूनच इन्फेड ही साइट आहे, मार्क स्मिथ यांनी सुरू केलेली, तीही मोफत. म्हणजे होऊ शकतं.

-----

कोरा_कागद

सरकारी किंवा मोठ्या संस्थेची मदत घ्यायला काय हरकत आहे पण? काम वाढेल, लोकांपर्यंत पोचेल.

-----

पायवाट

पोचेल, पण दोर त्यांच्या हातात जाईल. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरेचं बघा. १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या अँजिकोसला सुमारे ३०० शेतमजुरांबरोबर साक्षरतेचं काम झालं, मग तेच देशभर करायची सरकारी योजना आली. १९६४ मध्ये लष्करी उठाव झाला, योजना बंद, फ्रेअरे तुरुंगात आणि मग देशाबाहेर. सरकारच्या भरवशावर जे पसरलं ते सरकार बदलताच मिटलं. मदत घेऊच नये असं म्हणत नाही, पण सगळं एकाच खांबावर ठेवू नये.

-----

अक्षरवेल

लायसन्सबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी सध्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या लायसन्सपैकी श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा असं ठेवलंय. काही मित्र म्हणतात की 'व्यापारी वापर नको' ही अट घाल, नाहीतर कुणीतरी पुस्तक काढून विकेल.

-----

तळटीप

ती अट घालू नका असं मी म्हणेन. वाटते सुरक्षित पण अडते ती चांगल्या लोकांना. फी घेऊन प्रशिक्षण देणारी छोटी संस्था तुमचं पान वाटू शकते का? कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून घाबरून ती वाटतच नाही. विकिपीडियाला तर असा मजकूर घेताच येत नाही. ज्याला चोरायचंय तो लायसन्स वाचत नाही. 'त्याच अटींवर' ही अट पुरेशी आहे, कुणी पुस्तक काढलं तरी त्यातला तुमचा मजकूर खुलाच राहतो.

फक्त फोटो आणि दुसऱ्यांची लांब अवतरणं यावर तुमचं लायसन्स लागू होत नाही, ते पानावर स्पष्ट लिहा.

-----

सावकाश

आणि एआयचे क्रॉलर, म्हणजे साइटवरची पानं आपोआप गोळा करणारे प्रोग्रॅम? माझ्या ओळखीतल्या एका छोट्या साइटवर माणसांपेक्षा बॉटच जास्त येतात, सर्व्हर दमतो.

-----

तळटीप

रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे बॉटसाठी साइटवर ठेवलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, नको म्हणून लिहिता येतं पण ती विनंती आहे, कुलूप नाही, पाळायची की नाही हे समोरच्यावर. इथेही साध्या फायलींची साइट कामाला येते, हजार वेळा मागितली तरी तयार फाइल पाठवायला सर्व्हरला फार श्रम पडत नाहीत. मला जास्त काळजी याची वाटते की उत्तर एआयकडेच मिळालं की वाचक साइटपर्यंत येणारच नाही.

-----

अक्षरवेल

त्याची काळजी मलाही आहे, पण तेवढी नाही. 'वीस मुलं गप्प आहेत, मला उद्या परत जायचंय' असं लिहिणारा माणूस नुसत्या माहितीसाठी येत नाही. त्याला समोर कुणीतरी हवं असतं ज्याने हे केलंय. विचारवंत इव्हान इलिचने १९७१ मध्ये शिकण्याच्या जाळ्यांची कल्पना मांडली होती, चार प्रकारची, साधनांपर्यंत पोचणं, कौशल्यांची देवाणघेवाण, सारख्या आवडीच्या लोकांची जोडी आणि शिकवणाऱ्यांची यादी. माहिती त्यातल्या एकाच जाळ्यात येते, बाकीची तिन्ही माणसांची आहेत. म्हणून मी पत्रांना उत्तर देणं कधी बंद करणार नाही, आणि दोन पत्रं एकाच प्रश्नाची आली की, दोघांची हरकत नसेल तर, त्यांची एकमेकांशी गाठ घालून देते. साइटचं हेच अनौपचारिक शिक्षण आहे असं मला मनापासून वाटतं.

राहिला शेवटचा प्रश्न. माझ्यानंतर काय?

-----

सावकाश

हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळे टाळतात. २००९ मध्ये जिओसिटीज ही मोफत वेबपानं बनवू देणारी सेवा बंद झाली तेव्हा लाखो लोकांची पानं एका झटक्यात गेली, आर्काइव्हवाल्यांनी धावपळ करून जेवढी वाचवता आली तेवढी वाचवली. स्वतःच्या डोमेनचं याहून वाईट होतं. नूतनीकरण राहिलं की कुणीतरी ते नाव उचलतो आणि तिथे जुगाराची साइट उभी करतो, आणि तुमच्या लिंका दिलेली सगळी हँडबुकं, सगळे अभ्यासक्रम तिथे बोट दाखवत राहतात.

तेव्हा डोमेनची मुदत जितक्या वर्षांची भरता येईल तितकी भरा. पासवर्ड आणि चालवायची पद्धत एका कागदावर, दुसऱ्या माणसाकडे. पूर्ण साइटची झिप फाइल साइटवरच डाउनलोडला ठेवा, ज्याला हवी त्याने घ्यावी. दहा जणांकडे प्रत असली की साइट मरत नाही.

-----

पायवाट

मघाच्या सिटिझनशिप स्कूलचं पुढचं सांगतो, इथे लागू पडतं. हायलँडरवर टेनेसी राज्याचा दबाव वाढत होता, १९६१ मध्ये शाळेचा परवानाच गेला आणि मालमत्ता जप्त झाली. पण त्याच साली त्यांनी सिटिझनशिप स्कूलचा कार्यक्रम मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवला होता, सेप्टिमा क्लार्कही तिकडे गेल्या, आणि पुढच्या वर्षांत तो दक्षिणेत खूप ठिकाणी पसरला. हे सोपवता आलं कारण काम सोपं आणि लिहिलेलं होतं, शिक्षकांना काही दिवसांत तयार करता यायचं. हायलँडरही नव्या नावाने पुन्हा सुरू झालं.

तुमची साइट कुणाला सोपवायची हे नंतर ठरलं तरी चालेल. पण सोपवता येईल अशी आहे का हे आत्ता बघा.

-----

अक्षरवेल

पायवाट, हे फार कामाचं बोललात. मी सोपवायचं म्हणजे वारस शोधायचा असा विचार करत होते, आणि तो सापडत नाही म्हणून प्रश्न पुढे ढकलला जात होता.

आता असं करते. झिप फाइल या महिन्यात लावते. प्रत्येक पानावर शेवटचं कधी तपासलं ती तारीख येईल. चालवायची पद्धत लिहून काढते, पान कसं लावायचं, दावा कसा तपासायचा, पत्रांना उत्तर कसं द्यायचं हे सुद्धा. आणि ज्यांना एखादा विषय जवळचा आहे त्यांनी तेवढीच चार-पाच पानं दत्तक घ्यावीत, वर्षातून एकदा वाचून लिंका आणि दावे तपासावेत, एवढंच. नवीन लिहायची अट नाही.

-----

तळटीप

वाचनालयं आणि स्वयंशिक्षण यावरची पानं माझ्याकडे द्या. पहिल्या फेरीत सगळ्या बाहेरच्या लिंका वेबॅकमध्ये टाकून घेते.

-----

कोरा_कागद

मला विषयातलं फार कळत नाही पण एचटीएमएल येतं. झिप आपोआप दर आठवड्याला तयार होईल अशी स्क्रिप्ट लिहून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

-----

पायवाट

युवागटाची पानं मी घेतो. 'गट गप्प असेल तर' हे पान नाहीये, ते मी लिहायला घेतो, आमच्या स्वयंसेवकांना विचारून. कच्चं इथेच टाकतो, सगळ्यांनी फाडा.